गिरगांवांतील वाड्या व त्यांचे कागद

मलबार टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें गांव तें गिरिग्राम, व त्याचा अपभ्रंश गिरगांव, ही व्युत्पत्ति बहुतेक ग्रंथकारांनीं स्वीकारलेली आहे आणि भाषादृष्ट्या तींत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु ह्या एका नांवाच्या पोटांत जीं लहान लहान नांवें नांदतात, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, पिंपळवाडी, खोताची वाडी, बोरभाट, मुगभाट, त्यांकडे संशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या नांवांचा व त्यांशीं निगडित अशा कागदांचा विचार करावयाचा आहे. हा विचार आतांच कां, असें कोणी पुसेल तर त्याचें उत्तर असें कीं, तो आणखी दहा वर्षांनीं करूं म्हटल्यास साधनें हातीं राहतील असा भरंवसा आम्हांस वाटत नाहीं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ह्या भागाचें रूप फार झपाट्यानें पालटलें. चाळी उतरविल्या जात आहेत व त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत. भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गासाठीं काळबादेवी व गिरगांव येथील कित्येक इमारती पाडाव्या लागल्या. २०१५ सालीं रहिवाशांनीं त्याविरुद्ध मोठी ओरड केली. त्याच ठिकाणीं पुनर्वसन करण्याचीं आश्वासनें दिलीं गेलीं. आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्यें त्या मार्गाचा शेवटचा टप्पा सुरू होऊन गिरगांव ह्या नांवाचें स्थानक भूमीच्या पोटांत लोकांस खुलें झालें. (ह्याच मार्गावर नाना शंकरशेट ह्यांचेंहि नांव एका स्थानकास आहे, पण तें मुंबई सेंट्रलच्या, ज्या गिरगांवांत ते राहिले तेथल्या नव्हे. असो.)

ह्या फेरफारामुळें ‘जुनें गिरगांव गेलें’ हा उद्गार आतां घरोघरीं ऐकूं येतो. जे लोक तेथून उठून मुलुंड, भांडुप, डोंबिवली किंवा आमच्याप्रमाणें कांजूरमार्ग येथें येऊन राहिले, त्यांच्या तोंडीं तर तो विशेषच. पणशीकरांकडील पीयूष, तांब्यांच्या आरोग्य भुवनांतील पंगत, साहित्य संघांतील नाटकें, चाळीच्या चौकांतील गणपति, ह्यांच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचाहि जन्म तेथलाच असल्यामुळें त्या आठवणी वाचतांना आमचें मन हलत नाहीं असें नाहीं. तथापि हे लेखक वाडीचें नांव देतात तर चाळीचें देत नाहींत, चाळीचें देतात तर साल देत नाहींत, आणि मालक कोण होता हें तर एकहि सांगत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें अशा आठवणींचें मोल फार अल्प. शिवाय मुख्य प्रश्न निराळाच आहे. गेलें म्हणतात तें जुनें गिरगांव कोणतें? कागद पाहूं लागलें असतां एका खालीं दुसरें अशीं निदान दोन जुनीं गिरगांवें निघतात, आणि ज्याच्यासाठीं आजची पिढी हळहळते तें वरचें, म्हणजे त्यांतल्या त्यांत नवें, आहे.

प्रथम खालचें घेऊं. बोरभाट, मुगभाट, कोलभाट ह्या नांवांतील ‘भाट’ ह्या पदाचा अर्थ आज गिरगांवांतील दहांपैकीं नऊ लोक ‘भट’ ह्या शब्दाशीं जोडून सांगतील. तो सर्वथा चुकीचा आहे. गोमंतकांत भाट म्हणजे माडांची अथवा इतर झाडांची बागाईत जमीन, आणि तिचा धनी तो भाटकार, हा प्रयोग आजहि जिवंत आहे. मुंबई बेट १६६५ मध्यें इंग्रजांच्या ताब्यांत येण्यापूर्वीं पोर्तुगेजांच्या अंमलाखालीं होतें, व अशा बागाईतीस ते ‘ओर्ता’ म्हणत. त्यावरूनच मुंबईच्या इंग्रजी दस्तांत ‘ओर्ट’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे भाट, ओर्ट व वाडी हीं तिन्ही एकाच वस्तूचीं नांवें होत. बोरभाट ही बोरींची बाग हें उघड आहे. कोलभाट ही बहुधा कोळ्यांची. मुगभाटाविषयीं मात्र दोन मतें आहेत. एक त्याचा संबंध मूग ह्या धान्याशीं लावतें, दुसरें मुंगा नांवाच्या कोळ्याकडे बोट दाखवितें. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण भाट ह्या पदाच्या मागें झाडाचें किंवा मनुष्याचें नांव येणें साहजिक आहे. पावसाळी कडधान्यावरून कायमच्या बागेस नांव पडणें तितकें साहजिक नाहीं. तथापि एखादा जुना दस्त सांपडल्यावांचून हा निर्णय पक्का म्हणतां येणार नाहीं.

चर्नी रोड ह्या नांवाचीहि हीच गत आहे. ब्रिटिश सरकारनें गुरांच्या चराईवर कर बसविला, तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं १८३८ सालीं २०,००० रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ जमीन घेतली व ती गुरांस मोकळी ठेविली, त्यावरून ‘चरणी’, ही कथा सर्वश्रुत आहे. दुसरें मत असें कीं, ठाण्याजवळच्या चेंदणी गांवचे लोक गिरगांवांत येऊन वसले व त्यांच्या गांवाचें नांव ह्या भागास पडलें. सॅम्युएल शेपर्ड ह्यांनीं मुंबईच्या स्थलनामांवरील आपल्या १९१७ च्या पुस्तकांत असे अनेक तर्क एकत्र केले आहेत; निवाडा करण्याची घाई त्यांनीं बहुधा केलेली नाहीं, ही त्यांची आम्हांस आवडलेली गोष्ट.

ह्या बागाईती गिरगांवाचें एक अवशिष्ट अंग म्हणजे खोताची वाडी. दादोबा वामन खोत नांवाच्या पाठारे प्रभु गृहस्थाची ही जमीन; तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनीं विकत घेऊन तेथें लांकडी सज्जांचीं व बाहेरून जिन्यांचीं कौलारू घरें बांधलीं. एके काळीं अशीं ६५ घरें होतीं असें सांगतात. आज त्यांच्या निम्म्याहून कमी उरलीं आहेत. आंब्याफणसांच्या सावलींतील हें गिरगांव अंशतः तरी डोळ्यांनीं पाहिलेले लेखक म्हणजे गोविंद नारायण माडगांवकर. त्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं छापलें गेलें. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १८८९ मध्यें, आचार्य व शिंगणे ह्यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. हीं दोन पुस्तकें एकापुढें एक ठेवून वाचावीं, म्हणजे मधल्या काळांत शहर किती दाटलें ह्याची कल्पना येते. नाना शंकरशेट (१८०३-१८६५) ह्यांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्यांत १८४९ सालीं मुलींच्या शाळेस जागा दिली, तीहि ह्याच बागाईती काळांतील गोष्ट.

ह्या खालच्या गिरगांवाचा खरा दप्तरखाना मात्र पुस्तकांत नसून जमिनीच्या दस्तांत आहे. कर्नल लॉटन ह्यांनीं १८६५ ते १८७२ ह्या अवधींत मुंबई बेटाची जी मोजणी केली, तींत प्रत्येक घर, विहीर व गल्ली दाखविलेली आहे, आणि प्रत्येक मालमत्तेस क्रमांक दिलेला आहे. पुढें नवी नगरमोजणी झाली व नवे क्रमांक पडले, तरी मुंबईच्या खरेदीखतांत जुना क्रमांक टाकून देण्याची चाल नाहीं. कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, गिरगांव डिव्हिजन, अशी माळच्या माळ दस्ताच्या परिशिष्टांत ओंवलेली असते, आणि तिच्या खालीं चतुःसीमा: उत्तरेस अमक्याची मिळकत, दक्षिणेस अमकी गल्ली. ज्यांनीं इनामपत्रें व सनदा वाचिल्या आहेत त्यांस ह्या चतुःसीमांचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. देणारा व घेणारा खोटें लिहितील, पण शेजारी कोण होता ह्याविषयीं सहसा लिहिणार नाहींत. एका वाडीचे चार दस्त मिळाले तर तिच्या भोवतालच्या आठ मालकांचीं नांवें, ज्ञाति व काल हातीं येतात. पेशवे दप्तरांतील गांवांवर हा उद्योग आपल्याकडे उत्तम झालेला आहे. मुंबईच्या वाड्यांवरहि तो व्हावयास पाहिजे.

आतां वरचें गिरगांव. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचा पहिला रोगी डॉ. व्हिएगास ह्यांनीं ओळखला, व त्या साथीनें मुंबई हालविली. दाटीमुळें रोग होतो, दाटी फोडावी, ह्या विचारानें १८९८ सालीं कायदा होऊन इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्रावरील पश्चिमेचा वारा वस्तींत शिरावा म्हणून पूर्वपश्चिम रुंद रस्ते काढावयाचे, हा ट्रस्टच्या योजनांतील एक प्रमुख हेतु होता. प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग) व सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे त्याचे दोन मोठे नमुने. पैकीं दुसरा गिरगांवाच्या उत्तर अंगानें १९१० च्या सुमारास पुरा झाला. येथें एक विलक्षण गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ज्या १८९८ सालीं हा कायदा झाला त्याच सालीं सिमाँ नांवाच्या फ्रेंच वैद्यानें हा रोग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो असें प्रतिपादन केलें. तें पुढें परळ येथील प्रयोगांनीं सिद्धहि झालें. म्हणजे ज्या वाऱ्याला वाट देण्यासाठीं घरें पाडलीं गेलीं, त्या वाऱ्याचा रोगाशीं कांहीं संबंध नव्हता. ट्रस्टनें पाडलेल्या घरांतील गरीब लोकांस तितक्याच प्रमाणांत नवीं घरें आरंभीं मिळालीं नाहींत, व ते शेजारच्या वस्त्यांत शिरून तेथली दाटी वाढवूं लागले, हेंहि सर्वमान्य आहे. ट्रस्टनें मागाहून बांधलेल्या बी. आय. टी. चाळी, व दादर-माटुंग्याकडील आंखीव वसाहती, हें त्या खात्याचें दुसरें अंग. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला.

परंतु ह्याच नूतनीकरणानें, व त्याच्या आगेमागें खासगी मालकांनीं बांधलेल्या चाळींनीं, आमचें गिरगांव जन्मास घातलें. माड तुटले आणि त्यांच्या जागीं कोंकणांतून आलेल्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या, खिळे जुळविणारांच्या खोल्या उभ्या राहिल्या. केशवजी नाईक चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून चालू आहे, व १९०१ सालीं लोकमान्य तेथें येऊन गेले. सँडहर्स्ट रोडचेंच उदाहरण पाहा. जो रस्ता काढतांना जुनी वस्ती चिरली गेली, त्याच रस्त्यावरील कॉरोनेशन नाट्यगृहांत ३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविण्यांत आला. रस्ता नसता तर तें नाट्यगृह तेथें होतें ना. गिरगांवांतल्याच मॅजेस्टिक चित्रगृहांत १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला. चित्रगृह पुढें पाडलें गेलें व त्याच्या जागीं दुकानांची इमारत झाली, पण त्याच्याजवळ १९४२ सालीं केशवराव कोठावळे ह्यांनीं मांडलेल्या पुस्तकांच्या दुकानानें तें नांव टिकवून धरलें आहे. १९२३ सालीं खाडिलकरांनीं ‘नवाकाळ’ काढलें; कांदेवाडीच्या रस्त्यास आज त्यांचेंच नांव आहे. १९३५ सालीं मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला व केळेवाडींत स्थिरावला. ह्या सर्व गोष्टी चाळींच्या गिरगांवांतील. बागाईती गिरगांवांत त्या होणें शक्य नव्हतें. तेव्हां आजच्या हळहळीचा विषय झालेलें गिरगांव हेंच मुळीं एका मोडतोडीचें अपत्य आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

संस्कृताच्या अभ्यासकास मुंबई प्रथम ठाऊक होते ती एका गल्लीच्या नांवानें. गिरगांवाच्या शेजारी, काळबादेवीकडे, कोलभाट गल्ली आहे. तिचें पुढचें नांव डॉ. वेलकर मार्ग. जावजी दादाजी ह्यांनीं १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना घातला, व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू ह्यांच्या हातच्या अक्षरांचें वळण आजहि कोणी मागें टाकलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. १८८६ पासून जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब ह्यांनीं काव्यमालेचे भाग काढण्यास आरंभ केला, आणि ज्या काव्यांचीं नांवेंहि लोपत चाललीं होतीं तीं दोन-तीन हस्तलिखितांच्या आधारें शुद्ध होऊन घरोघर पोंचलीं. आमच्या विद्यार्थिदशेंतील बहुतेक सर्व ग्रंथ, कोश काय, टीका काय, ह्या एका गल्लींतून आलेले. छापखाना आज नाहीं. गल्ली आहे, परंतु तींत उभें राहून एखाद्यास निर्णयसागर कोठें होता असें पुसावें तर सांगणारा विरळा. कोळ्यांची बाग, मग संस्कृत विद्येचें छापघर, मग बाजार: एकाच नांवाखालीं तीन थर, आणि त्यांस जोडणारा दुवा म्हणजे पुस्तकांवर इंग्रजींत छापलेला पत्ता.

चाळींच्या गिरगांवास उतरती कळा कशी लागली हें थोडक्यांत सांगूं. पहिल्या महायुद्धानंतर घरभाड्यांवर निर्बंध आले, व १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण धरलें. भाडेकरू टिकले, पण मालकास दुरुस्ती परवडेना. १९६९ सालीं इमारती दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला व जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती आरंभीं एकोणीस हजारांहून अधिक होत्या. पुढें १९९१ च्या विकासनियमांनीं जादा चटईक्षेत्राचें आमिष दाखवून पाडकामास वेग दिला. आमच्या घरीं १९३८ पासूनच्या भाडेपावत्यांचें बाड आहे. त्यांत वाडीचें नांव तीन निरनिराळ्या प्रकारें लिहिलेलें आढळतें, मालकाचा शिक्का दोनदां बदलतो, पण मूळ भाड्याचा आकडा १९४० नंतर तीस वर्षें हलत नाहीं. ह्या एका बाडावरून चाळ कां कोसळली ह्याचा उलगडा जितका होतो, तितका चाळीच्या गोडव्यांनीं भरलेल्या चार पुस्तकांवरून होणार नाहीं. ज्यांस दहा बिऱ्हाडांमागें दोन शौचकूप ही व्यवस्था रम्य वाटते त्यांनीं ती एका पावसाळ्यापुरती भोगून पाहावी, इतकेंच आमचें म्हणणें. मनोऱ्यांत राहावयास जाणाऱ्या लोकांचा आम्हांस मत्सर नाहीं व त्यांचा दोषहि नाहीं.

दोष आहे तो निराळ्या ठिकाणीं. पहिली मोडतोड झाली तेव्हां दोन गोष्टी वांचल्या: नांवें आणि कागद. फणस गेला, फणसवाडी राहिली. ट्रस्टनें जी जमीन घेतली तिची मोजणी, तिचे नकाशे, नुकसानभरपाईचे दावे, सर्व लेखनिविष्ट झालें. ज्यांनीं वस्ती मोडली त्यांनींच तिची नोंद ठेविली. आजच्या मोडतोडींत ह्या दोन्ही गोष्टी धोक्यांत आहेत. मनोऱ्यांस जीं नांवें दिलीं जातात तीं लंडन-न्यूयॉर्ककडील, किंवा कशाचींच नसतात. पत्त्यांतून वाडीचें नांव गळलें कीं दोन पिढ्यांत तें तोंडांतूनहि गळेल. आणि कागद तर उघड्यावर आहेत. गिरगांवच्या खोल्यांचे पोटमाळे हा महाराष्ट्रांतील हस्तलिखितांचा एक मोठा व अद्याप न धुंडाळलेला सांठा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन, भांडारकर ह्यांनीं सरकारासाठीं १८६८ पासून गांवोगांव हिंडून पोथ्या मिळविल्या, त्या आज पुण्यास भांडारकर मंदिरांत सुरक्षित आहेत; भाऊ दाजींचा संग्रह एशियाटिक सोसायटींत आहे व वेलणकरांची सूचि त्याची साक्ष देते. परंतु त्या शोधाच्या काळीं कोंकणांतील भिक्षुकांच्या पोथ्या कोंकणांतच होत्या. घरचा कर्ता मुंबईस चाकरीस आला, मागाहून म्हातारीं आलीं, आणि त्यांच्याबरोबर तांबड्या फडक्यांत बांधलेलें दप्तर आलें. तें खोलींत ठेवण्यास जागा नसल्यानें माळ्यावर गेलें. तेथून तें खालीं येतें तें आतां, खोली रिकामी करण्याच्या दिवशीं.

अशा एका दिवशीं आम्ही स्वतः हजर होतों. कोणत्या वाडींत व कोणाच्या कामावर, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. रद्दीवाला तागडी लावून बसला होता व पोतीं भरलीं जात होतीं. त्यांतून जें सोडवितां आलें तें असें: ब्रह्मकर्माचीं सुटीं पानें, अमरकोशाचें दुसरें कांड (अखेरचें पान नसल्यानें लेखनकाल अनिश्चित), पंचांगांचीं सतरा वर्षें, ज्यांच्या समासांत जन्ममृत्यूच्या, पावसाच्या व दुखण्यांच्या नोंदी आहेत, कोंकणांत पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, आणि चाळीच्या उत्सवाच्या वर्गणीची एक वही. पोथीचें मोल संग्राहकास कळतें. वहीचें कळत नाहीं. परंतु त्या वहींत खोलीच्या क्रमांकासह प्रत्येक बिऱ्हाडाचें नांव व दिलेली रक्कम ओळीनें लिहिलेली आहे. मनुष्यगणतीच्या खात्यानें असा कागद लोकांस दाखविला नसता. ज्यांनीं हीं पोतीं भरविलीं ते कांहीं वाईट लोक नव्हते. दोन पिढ्यांनीं मिळालेलें नवें घर डोळ्यांपुढें असतां मोडी कोण वाचीत बसतो? पण त्या दिवशीं सहा पोतीं गेलीं, व आमच्या हातीं लागलें तें एका पोत्याच्या चौथाईइतकेंहि नव्हतें.

अशा कागदांचें पुढें काय मोठें काम पडणार, अशी शंका येणें शक्य आहे. तिचें उत्तर आमच्या आजच्या निवासस्थानापाशींच मिळतें, व तें ह्याच भुयारी रेल्वेच्या संबंधांत असल्यामुळें येथें देतों. कांजूर हें साष्टींतील जुनें गांव. ठाण्याच्या खाडीकडे त्याचीं मिठागरें. त्या गांवाकडे जाणारा रस्ता तो कांजूर मार्ग, व त्यावरून १९६८ सालीं भांडुप व विक्रोळी ह्यांच्यामध्यें उघडलेल्या स्थानकास तें नांव मिळालें. ऑक्टोबर २०२० मध्यें राज्य सरकारनें ह्या भुयारी मार्गाच्या गाड्यांची आगार-जागा आरे येथून हालवून कांजूरच्या १०२ एकर जमिनीवर न्यावी असें ठरविलें. लागलीच केंद्राच्या मीठ खात्यानें ती जमीन आपली असल्याचें सांगितलें. राज्याच्या महसूल दप्तरानें ती आपली म्हटली. १६ डिसेंबर २०२० रोजीं उच्च न्यायालयानें कामास स्थगिति दिली, व २०२२ मध्यें आगार पुनः आरे येथें गेलें. ह्यांत कोणाचा पक्ष खरा ह्याची चर्चा येथें कर्तव्य नाहीं. लक्षांत घेण्याची गोष्ट इतकीच कीं, हजारों कोटि रुपयांच्या एका रेल्वेचें आगार मिठागरांच्या जुन्या कागदांत काय लिहिलें आहे ह्या वादावर अडलें. मिठागराच्या कागदास वाली होता, दोन दोन खातीं होतीं. गिरगांवच्या माळ्यावरील कागदास कोणी नाहीं.

ह्यासंबंधीं व्यवहार्य असें काय करतां येईल हें आम्हीं आमच्यापुरतें ठरविलें आहे. गिरगांव, ठाकुरद्वार, भुलेश्वर येथील ज्या चाळींस खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस लागली आहे, त्यांची टांचणें आम्ही करीत आहों. टांचणांत वाडीचें नांव (लोक बोलतात त्या रूपांत व पाटीवर असेल त्या रूपांत), चाळीचें नांव, बांधल्याचें साल दगडावर कोरलेलें असल्यास तें, मालकांची परंपरा, आणि मिळाल्यास लॉटन व कॅडस्ट्रल क्रमांक, इतकें लिहितों. क्रमांक मिळविणें सर्वांत कठीण. परंतु बहुतेक रहिवाशांजवळ पुनर्विकासाच्या करारनाम्याची प्रत असते, व तिच्या परिशिष्टांत तो असतो, ही युक्ति इतरांस उपयोगी पडेल म्हणून सांगतों. गेल्या दोन वर्षांत अशीं एकेचाळीस टांचणें झालीं. पोथ्या कोणाकडे निघाल्यास त्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) अथवा ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) ह्यांसारख्या जुन्या संस्थांशीं आधीं विचारविनिमय करून कोठें द्यावयाच्या तें ठरवावें; रद्दीच्या दिवशीं धांवाधांव करून तें साधत नाहीं.

मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांचीं घरें ह्या भागांत होतीं किंवा आहेत, त्यांनीं निदान आपल्या जुन्या भाडेपावत्या फेंकूं नयेत. पावतीच्या मागल्या बाजूस शिसपेनीनें वाडीचें नांव व खोलीचा क्रमांक लिहून ठेवावा. शाईनें लिहूं नये, कारण त्या काळचा कागद पातळ आहे व शाई पलीकडे फुटते.